टाहोची निळाई राखणारी संस्था

अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडाच्या डोंगररांगांत, समुद्रसपाटीपासून ६,२२५ फूट उंचीवर टाहो सरोवर आहे. सुमारे ३५ किलोमीटर लांब, १९ किलोमीटर रुंद आणि १,६४५ फूट खोल असे हे सरोवर खोलीच्या बाबतीत त्या देशात दुसऱ्या क्रमांकाचे आहे. ‘टाहो’ हा शब्द मराठी कानांना आक्रोशाची आठवण करून देणारा असला, तरी तेथील मूळ रहिवासी असलेल्या वाशो लोकांच्या भाषेतील ‘सरोवर’ या अर्थाच्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात बर्फ पाहण्याचे ठिकाण म्हणून ते परिचित आहे.

कॅलिफोर्नियात मोटारींच्या मागच्या बाजूस ‘कीप टाहो ब्ल्यू’ अशी चिकटपट्टी हमखास दिसते. ‘टाहो निळे राहू द्या’ असे सांगणारे हे घोषवाक्य ‘लीग टू सेव्ह लेक टाहो’ या स्वयंसेवी संस्थेचे आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पाण्याच्या शुद्धतेसाठी झगडणाऱ्या अमेरिकेतील जुन्या नागरी संस्थांपैकी एक होय. मात्र, ज्या मोटारींवर हे घोषवाक्य मिरवते, त्याच मोटारी सरोवराच्या दुखण्याला हातभार लावत असतात. हा विरोधाभास संस्थेच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर टाहोचा काठ झपाट्याने बदलू लागला. नेवाडात जुगाराला कायद्याची मान्यता असल्याने सीमारेषेला लागून कॅसिनो उभे राहिले. १९६० मध्ये जवळच्याच खोऱ्यात हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि बर्फावरील खेळांसाठी पर्यटकांची रीघ लागली. सरोवराभोवती बारमाही वाहतुकीचा महामार्ग आणि त्यासाठी ‘एमराल्ड बे’ या रमणीय उपसागराच्या तोंडावर पूल, असे बेत त्या काळात आखले जात होते. या बेतांना विरोध करण्यासाठी काही नागरिक एकत्र आले. आरंभी त्यांच्या संस्थेचे नाव निराळे होते. आजचे नाव १९६५ मध्ये घेण्यात आले. तो पूल कधीच झाला नाही.

सरोवरापुढील पहिले उघड संकट सांडपाण्याचे होते. वस्ती वाढली तशी शोषखड्डे आणि सांडपाणी यांतील नत्र व स्फुरद पाण्यात उतरून शेवाळ फोफावू लागले. त्यावर काढलेला तोडगा धाडसी होता. सांडपाणी प्रक्रिया करून सरोवरात सोडण्याऐवजी ते पाणलोट क्षेत्राच्या बाहेरच नेऊन टाकावे, असे ठरले. सरोवराच्या दक्षिण काठावरून डोंगर ओलांडून पंपाने सांडपाणी बाहेर नेण्यास १९६८ मध्ये प्रारंभ झाला. १९६९ च्या कॅलिफोर्नियाच्या जलप्रदूषण कायद्याने ही पद्धत बंधनकारक केली आणि १९७० च्या दशकात दोन्ही राज्यांच्या बाजूने हे काम पूर्ण झाले. एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे कोणासही वाटले असते. पण सरोवराचे पाणी गढूळ होतच राहिले.

हे समजले ते एका साध्या उपकरणामुळे. पांढरी, थाळीएवढी ‘सेक्की तबकडी’ दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती डोळ्यांना दिसेनाशी होईल ती खोली नोंदवायची, एवढीच ही पद्धत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेचे सरोवरतज्ज्ञ चार्ल्स गोल्डमन यांनी १९६८ पासून टाहोत या नोंदी सातत्याने ठेवल्या. त्या पहिल्या वर्षी तबकडी सरासरी १०२ फुटांपर्यंत दिसत होती. १९९७ मध्ये हे अंतर सुमारे ६४ फुटांवर आले, तर २०१७ मध्ये, दीर्घ अवर्षणानंतरच्या प्रचंड हिमवृष्टीच्या वर्षी, ते ५९.७ फूट असे नीचांकी नोंदले गेले. २०२४ ची वार्षिक सरासरी ६२.३ फूट आहे. शासकीय उद्दिष्ट ९७.४ फुटांचे आहे.

सांडपाणी बाहेर गेल्यावरही पारदर्शकता का घटली, याचे उत्तर धुळीत सापडले. १६ मायक्रॉनहून बारीक असे मातीचे कण पाण्यात तळाशी न बसता तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. हे कण डोंगरातून वाहत येत असावेत, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात त्यांपैकी सुमारे ७० टक्के कण काठावरील शहरी भागातून, म्हणजे पाणलोट क्षेत्राच्या अगदी लहान हिश्श्यातून येतात. हिवाळ्यात रस्त्यावर वाहने घसरू नयेत म्हणून वाळू टाकली जाते. हजारो चाकांखाली तिचे पीठ होते आणि बर्फ वितळताच ते पर्जन्यजलवाहिन्यांतून थेट सरोवरात जाते. सरोवराला ६३ ओढे-नद्या येऊन मिळतात; बाहेर जाणारी नदी मात्र ट्रकी ही एकच. आत आलेले पाणी बाहेर पडण्यास सरासरी सहाशेहून अधिक वर्षे लागतात. म्हणजे यंदा जे आत गेले ते पुढच्या अनेक पिढ्यांच्या वाट्याला येणार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने २०११ मध्ये मंजूर केलेला प्रदूषण-मर्यादेचा आराखडा याच बारीक कणांवर केंद्रित आहे आणि पूर्वीची पारदर्शकता परत मिळविण्यासाठी त्यात ६५ वर्षांचा अवधी धरला आहे.

लीगच्या कार्यातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी गाजलेला भाग या धुळीशी संबंधित आहे. ‘पाइप कीपर्स’ या उपक्रमात स्वयंसेवक पाऊस सुरू असताना किंवा बर्फ वितळत असताना जलवाहिन्यांच्या तोंडाशी जातात, बाटलीत नमुना घेतात, छायाचित्र काढतात आणि गढूळपणा मोजण्यासाठी नमुना जमा करतात. कोरड्या दिवशी ही पाहणी निरर्थक असते. त्यामुळे हवामान सर्वांत वाईट असेल तेव्हाच घराबाहेर पडावे लागते. कोणत्या वाहिनीतून किती माती येते हे अशा नोंदींमुळे दाखवून देता येते आणि रस्ते झाडण्याची यंत्रे वा गाळ अडविणारी कुंडे नेमकी कोठे हवीत याची मागणी पुराव्यानिशी करता येते. ‘आइज ऑन द लेक’ या दुसऱ्या उपक्रमात पोहणारे, होडी वल्हविणारे आणि पाणबुडे यांना बाहेरून आलेल्या पाणवनस्पती ओळखण्यास शिकविले जाते.

मात्र, केवळ नमुने गोळा करून ही संस्था मोठी झालेली नाही. तिचे खरे शस्त्र दीर्घकाळ न्यायालय हेच होते. दोन राज्यांनी केलेल्या कराराला १९६९ मध्ये केंद्राची संमती मिळून टाहोसाठी संयुक्त नियोजन प्राधिकरण स्थापन झाले. परंतु त्याने बांधकामे रोखण्याऐवजी मंजूर करण्याचाच सपाटा लावल्याची टीका झाली आणि १९८० मध्ये करार दुरुस्त करावा लागला. १९८४ चा विकास आराखडा पर्यावरणाचे निकष पाळत नाही, असे म्हणत लीगने आणि कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्यानंतर वाटाघाटींतून १९८७ चा आराखडा आकारास आला. काठावर भूखंड घेऊन ठेवलेल्यांचे यात नुकसान झाले, हे नाकारता येणार नाही. १९८० च्या दशकातील बांधकामबंदीविरुद्धचा त्यांचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ते हरले.

पुढे लीगची भूमिका मवाळ झाली. २०११ मध्ये नेवाडाने करारातूनच बाहेर पडण्याची धमकी देणारा कायदा केला. प्राधिकरणच मोडीत निघण्यापेक्षा तडजोड बरी, असे मानून २०१२ च्या सुधारित आराखड्याला लीगने मान्यता दिली. ‘सिएरा क्लब’ला मात्र ही तडजोड घातक वाटली आणि ती संस्था न्यायालयात गेली; तेथे तिला यश आले नाही. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढणारे पर्यावरणवादी येथे समोरासमोर आले. नेवाडाने २०१३ मध्ये धमकी मागे घेतली, ही गोष्ट लीगच्या पारड्यात टाकावी लागेल. नव्या आराखड्याने जुन्या बांधकामांचे पुनर्निर्माण सुलभ केले, ही सिएरा क्लबची हरकतही निराधार नव्हती.

असाच वाद पाणवनस्पतींवरून झाला. दक्षिण काठावरील पाणथळ जमीन १९६० च्या दशकात खोदून तेथे कालवे आणि घरे असलेली ‘टाहो कीज’ ही वसाहत उभारण्यात आली होती. पूर्वी हीच पाणथळ नदीतून येणारा गाळ गाळून घेत असे. आता तिच्या जागी उथळ, कोमट कालवे आहेत आणि त्यांत परदेशी वनस्पती माजल्या आहेत. त्यांचे तुकडे सरोवरात जाऊ नयेत म्हणून कालव्याच्या तोंडाशी हवेच्या बुडबुड्यांचा पडदा बसविण्यात लीगने पुढाकार घेतला. २०२२ मध्ये तेथे तणनाशकाची मर्यादित चाचणी झाली तेव्हाही लीग विरोधात गेली नाही. ज्या सरोवरात रसायन नको म्हणून पिढ्या झगडल्या, तेथेच तणनाशक वापरणे अनेकांना पटले नाही.

निसर्गात केलेली ढवळाढवळ किती काळ भोवते, याचे उदाहरण पाण्यातच आहे. माशांना खाद्य मिळावे म्हणून १९६० च्या दशकात टाहोत ‘मायसिस’ ही कोळंबीसदृश जात सोडण्यात आली. तिने पाणी स्वच्छ ठेवणारे सूक्ष्म प्राणीच फस्त केले. पुढे या कोळंबीची संख्या एकाएकी कोसळली, ते सूक्ष्म प्राणी पुन्हा वाढले आणि २०२२ च्या अखेरच्या पाच महिन्यांत तबकडी ८० फुटांपर्यंत दिसू लागली. पुढच्या दोन वर्षांत हा लाभ ओसरला.

पर्यटकांच्या कचऱ्याचा प्रश्न मात्र डोळ्यांना दिसणारा असल्याने वृत्तपत्रांत गाजतो. अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, लीग दरवर्षी किनारा स्वच्छता मोहीम राबविते. २०२३ मध्ये स्वयंसेवकांनी एका दिवसात ८,५५९ पौंड, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलो कचरा उचलला आणि त्यातील बहुतांश एकाच किनाऱ्यावरचा होता. या बातमीने खळबळ माजली. पुढच्या वर्षी तेथे मद्यबंदी व वाहनतळ शुल्क लागू झाले. २०२४ मध्ये साउथ लेक टाहो शहराने पाण्याच्या लहान प्लास्टिक बाटल्यांच्या विक्रीवरही बंदी घातली.

सध्या लीगसह साऱ्या संस्थांचे लक्ष एका शिंपल्याकडे लागले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन बंदरात ‘गोल्डन मसल’ हा शिंपला उत्तर अमेरिकेत प्रथमच आढळला. होडीच्या तळाला चिकटून तो प्रवास करतो आणि एकदा सरोवरात शिरला की त्याला काढता येत नाही. टाहोत २००८ पासून यंत्रचालित होड्यांची तपासणी सक्तीची आहेच; २०२५ च्या हंगामात बाहेरून येणाऱ्या होड्या गरम पाण्याने धुऊन निर्जंतुक केल्याखेरीज पाण्यात उतरू न देण्याचा नियम करण्यात आला. हाताने वल्हविण्याच्या छोट्या होड्या मोटारीच्या टपावर बांधून कोठूनही आणता येतात. त्यांच्या मालकांना गाठून समजावण्याचे काम किनाऱ्यावर उभ्या स्वयंसेवकांकडे आहे.