लाल पुरणाचा गोडवा कोणाच्या घामाचा?

जपानमध्ये बुद्धाचा धम्म पोचला, एवढं आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण तिथली साधी माणसं बुद्धापुढे काय ठेवतात, सणासुदीला काय खातात, हे कोणी सांगत नाही. गिरणीची पाळी सांभाळून जे वाचलं, ते वाचकांपुढे ठेवतो.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात, तेव्हा जपानी लोक सात दिवस ‘हिगान’ पाळतात. हिगान म्हणजे पैलतीर. आपल्या पारमितेचाच अर्थ. या दिवसांत सगळं कुटुंब वाडवडिलांच्या थडग्यांची झाडलोट करतं आणि घरातल्या बुद्धापुढे एक गोड पदार्थ ठेवतं. चिकट तांदूळ शिजवून अर्धवट कुटायचा, गोळे वळायचे आणि वरून पुरण थापायचं. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं नव्हे, अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं. आपल्या पोळीत पुरण आत, इथे बाहेर! वसंतात याला बोतान फुलावरून ‘बोतामोची’ म्हणतात, शरदात हागीच्या फुलावरून ‘ओहागी’. पदार्थ तोच, ऋतू बदलला की नाव बदलतं.

पुरण आत भरलेला पदार्थ म्हणजे ‘मांजू’. चीनमध्ये असल्या वाफवलेल्या गोळ्यात मांस भरत. १३४९ साली रिन जोइन नावाचा चिनी माणूस एका झेन भिक्खूबरोबर जपानला आला आणि नारा शहरात राहिला. भिक्खूंना मांस चालत नाही, म्हणून त्याने आत अझुकी भरली, असं सांगतात. नारात आजही त्याच्या नावाने एप्रिलमध्ये उत्सव होतो.

मला जास्त आवडते ती दुसरी गोष्ट. एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथल्या चोमेइजी विहाराच्या दारावर एक पहारेकरी होता. नदीकाठच्या साकुराची पडलेली पानं झाडून झाडून तो कंटाळला. शेवटी त्याने ती पानं मिठात मुरवली, पुरणाच्या धिरड्याला गुंडाळली आणि १७१७ साली दारातच विकायला बसला. वसंतातली ‘साकुरामोची’ ती हीच. म्हणजे शोध लावला झाडूवाल्या हातांनी!

आता साखरेचं. जुन्या काळी जपानात साखर औषधासारखी दुर्मिळ होती. पुढे ती सामान्यांच्या पुरणात आली, त्यात मोठा वाटा दक्षिणेकडच्या आमामी बेटांवरल्या काळ्या साखरेचा, म्हणजे जवळपास आपल्या गुळाचाच. १६०९ साली सात्सुमाच्या सरदारांनी ही बेटं जिंकली. सरदार कर्जात बुडाले, पन्नास लाख र्यो म्हणे, आणि ते फेडायला १८३० पासून बेटावरची सगळी साखर त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. भाताची खाचरं मोडून ऊस लावायला लावला. पिकवणाऱ्याने आपलीच साखर चोरून विकली तर देहदंड. पोटाला भात नाही, म्हणून लोक विषारी झाडाचा गर पुन्हा पुन्हा धुऊन खात. ज्याचं कर्ज फिटेना तो श्रीमंताच्या घरी ‘यांचू’ होई, म्हणजे वेठबिगार. त्याची लेकरंही तिथेच राबत.

ओसाकाच्या बाजारात साखर तोलली जाई, तेव्हा हे कोणाच्या मनात येत असेल का? मला नाही वाटत.

पण माणसं गप्प बसली नाहीत. १८६४ साली तोकुनोशिमा बेटावर इनुताबू गावात, साखर लपवल्याच्या संशयावरून अधिकाऱ्यांनी एका माणसाला मारझोड केली. शे-दीडशे शेतकरी काठ्या घेऊन धावून गेले. पुढाऱ्यांना दूरच्या बेटांवर हद्दपार केलं. गावाने त्यांचं स्मारक उभारलंय. नवं सरकार आलं, वेठबिगारी कायद्याने गेली, तरी साखरेचा सौदा मूठभर व्यापाऱ्यांच्याच हातात राहिला. १८७७ साली ५५ बेटवासी दाद मागायला समुद्र ओलांडून कागोशिमाला गेले. सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं.