कांस्यफलकाची वाट

कूपरस्टाऊन हे न्यूयॉर्क राज्यातले, ओटसेगो तलावाच्या काठचे, दोन हजारांहून कमी वस्तीचे गाव. अमेरिकी बेसबॉलचे हॉल ऑफ फेम याच गावात आहे. तिथल्या एका उंच छताच्या दालनात निवृत्त खेळाडूंचे कांस्यफलक ओळीने लावलेले आहेत. बहुतेक फलकांवर टोपी घातलेला चेहरा उठावात असतो. खाली नाव, टोपणनाव, कोणत्या संघांकडून कोणत्या साली खेळला याची नोंद आणि कामगिरीच्या मोजक्या ओळी. सगळे फलक एकाच आकाराचे असतात. हा फलक कुणाला मिळावा, कुणाला नाकारला जावा, यावर १९३६ पासून अमेरिकेत वाद झडत आला आहे. खेळाडूची थोरवी कशी मोजावी, याची उत्तरे या वादात दर पिढीला बदलत गेली.

संस्थेची सुरुवात एका दंतकथेतून झाली. बेसबॉलचा उगम शोधण्यासाठी १९०५ मध्ये नेमलेल्या मिल्स आयोगाने असा निष्कर्ष काढला, की ॲब्नर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपरस्टाऊनला हा खेळ शोधून काढला. आधार होता एका वृद्धाच्या आठवणीचा. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनानी म्हणून गाजले. पण १८३९ मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते आणि आपण असा काही खेळ काढला, असे त्यांनी कुठेही लिहून ठेवलेले नाही. तरीही कथा रुजली. जवळच्या फ्लाय क्रीक गावात एका माळ्यावर जुना, उसवलेला चेंडू सापडला. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीतून श्रीमंत झालेल्या घराण्यातले स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरला विकत घेऊन प्रदर्शनात ठेवला. मंदीच्या त्या काळात गावाला पाहुणे हवे होते. नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी संग्रहालयाला थोर खेळाडूंच्या सन्मानाची जोड द्यावी असे सुचवले आणि १२ जून १९३९ रोजी हॉल ऑफ फेमचे उद्घाटन झाले.

मतदान मात्र तीन वर्षे आधीच सुरू झाले होते. निवडीचा अधिकार बेसबॉलवर लिहिणाऱ्या वृत्तपत्र प्रतिनिधींच्या संघटनेला देण्यात आला आणि ७५ टक्के मतांची अट घातली गेली. १९३६ मध्ये २२६ मतपत्रिका आल्या, म्हणजे निवडीसाठी १७० मते हवी होती. टाय कॉबला २२२ मते पडली, बेब रूथ आणि होनस वॅग्नर यांना प्रत्येकी २१५, क्रिस्टी मॅथ्यूसनला २०५ आणि वॉल्टर जॉन्सनला १८९. पहिले पाच ठरले. आपल्या फटक्यांनी या खेळाचे रूपच पालटून टाकणाऱ्या रूथचे नावही अकरा जणांनी लिहिले नव्हते. पिचर (चेंडू फेकणारा) म्हणून ५११ सामने जिंकलेल्या साय यंगला अवघी १११ मते मिळाली. एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूंसाठी वेगळी मतपत्रिका होती. यंगची कारकीर्द दोन्ही शतकांत पसरलेली, म्हणून त्याची मते दोन्हीकडे विभागली गेली. पुढच्या वर्षी तो निवडून आला. ५११ विजयांचा तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

पहिल्याच निवडणुकीने एक पायंडा पडला. कॉब आणि रूथ एकमताने आले नाहीत, मग दुसरा कोण यावा, असे मानणारे मतदार पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिले. जो डिमॅजिओला तिसऱ्या खेपेस, १९५५ मध्ये प्रवेश मिळाला. विली मेजचे नाव १९७९ मध्ये २३ जणांनी वगळले, हँक ॲरनचे १९८२ मध्ये नऊ जणांनी. एकही मत विरोधात न जाता निवडून येण्याचा पहिला मान २०१९ मध्ये मारियानो रिव्हेराला मिळाला: ४२५ पैकी ४२५. पुढच्याच वर्षी डेरेक जीटरचे एक मत हुकले, २०२५ मध्ये इचिरो सुझुकीचेही एकच.

नियम हळूहळू घट्ट होत गेले. प्रमुख लीगमध्ये किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेला खेळाडू पात्र ठरतो. संघटनेचे सलग दहा वर्षे सदस्य असलेल्या पत्रकारालाच मत असते. नोव्हेंबरात मतपत्रिका टपालाने घरी येते. पत्रकार नावांपुढच्या चौकटींत खुणा करतो, जास्तीत जास्त दहा, आणि ३१ डिसेंबरच्या आत ती परत पाठवतो. पाच टक्क्यांपेक्षा कमी मते पडलेला खेळाडू यादीतून कायमचा जातो. बाकीचे पूर्वी पंधरा वर्षे यादीत राहू शकत; २०१४ मध्ये ही मुदत दहा वर्षांवर आणली गेली. दहा नावांची मर्यादाही कधी कधी जाचक ठरते. क्रेग बिजिओची निवड २०१४ मध्ये दोन मतांनी हुकली. त्या वर्षी यादीत लायक नावांची इतकी गर्दी होती, की अनेकांना आवडती नावे गाळावी लागली. बिजिओ पुढच्या वर्षी आला.

पत्रकारांच्या नजरेतून सुटलेल्यांसाठी जुन्याजाणत्यांची समिती होती, आणि सर्वाधिक बोट तिच्याच निवडींवर ठेवले गेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी या दोन माजी खेळाडूंचे समितीत वजन होते. त्या काळात जायंट्स आणि कार्डिनल्स संघांतल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांचे फलक एकामागून एक लागले: जेसी हेन्स, चिक हेफी, रॉस यंग्ज, जॉर्ज केली. हे चांगले खेळाडू होते, पण या पंक्तीतले नव्हते. त्याचा परिणाम दूरवर झाला. केली आत असेल तर आमचा खेळाडू बाहेर का, हा युक्तिवाद तेव्हापासून प्रत्येक शहरात ऐकू येतो. आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९९४ च्या ‘द पॉलिटिक्स ऑफ ग्लोरी’ या पुस्तकात अशा युक्तिवादांची सविस्तर चिरफाड केली.

दारच बंद असलेल्यांचा प्रश्न याहून फार मोठा होता. कृष्णवर्णीयांना प्रमुख लीगमध्ये खेळूच दिले जात नव्हते. दहा हंगामांची अट ते पुरी करणार कशी? १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ही बंदी मोडली. त्याच्या तीनच महिने आधी, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगमधला सर्वांत जबरदस्त फलंदाज जॉश गिब्सन वयाच्या ३५व्या वर्षी वारला. रॉबिन्सन १९६२ मध्ये पहिल्याच खेपेस निवडून आला, पण १६० पैकी १२४ मतांनी, म्हणजे गरजेपेक्षा फक्त चार जास्त. आपल्याला केवळ खेळाडू म्हणून जोखले जावे, हा त्याचा आग्रह होता. म्हणून त्याच्या पहिल्या फलकावर वर्णभेदाच्या भिंतीचा उल्लेख नव्हता, फक्त मैदानावरची कामगिरी होती. तो उल्लेख असलेला नवा फलक २००८ मध्ये लावला गेला.

१९६६ मध्ये टेड विल्यम्सने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात नीग्रो लीगमधले सॅचेल पेज आणि गिब्सन यांनाही इथे जागा मिळावी, अशी इच्छा उघड बोलून दाखवली. श्वेतवर्णीय महान खेळाडूने त्या व्यासपीठावरून ते बोलणे ही मोठी गोष्ट होती. १९७१ मध्ये पेजची निवड झाली, तेव्हा आधी नीग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग करण्याचे जाहीर झाले. त्यावर इतकी टीका झाली, की समारंभापूर्वीच बेत बदलून पेजला पूर्ण सदस्यत्व दिले गेले. गिब्सनचा फलक १९७२ मध्ये लागला. पुढे नीग्रो लीगलाही प्रमुख लीगचा दर्जा मिळाला, २०२४ मध्ये तिथली आकडेवारी अधिकृत नोंदीत आली आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत गिब्सनने कॉबला मागे टाकले. १९३६ च्या यादीतले पहिले नाव कॉबचे होते. गिब्सन त्या वेळी ऐन भरात खेळत होता.

खेळाडू मोजण्याची फूटपट्टीही दरम्यान बदलली. जुन्या पत्रकारांसाठी ३०० विजय, ३००० हिट, ५०० होम रन हे टप्पे क्रिकेटमधल्या शतकासारखे होते; गाठले की शंका नाही. बर्ट ब्लायलेवन २८७ विजयांवर थांबला होता. १९९८ मध्ये त्याला १७.५ टक्के मते मिळाली, पुढच्या वर्षी त्याहून कमी. पिचरचा विजय हा त्याच्या संघाने किती धावा केल्या यावरही ठरतो, हे नव्या अभ्यासकांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. ब्लायलेवनने तब्बल ३७०१ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते, पण त्याची बरीच वर्षे सामान्य संघांत गेली होती. २०११ मध्ये, चौदाव्या खेपेस, तो ७९.७ टक्के मतांनी निवडून आला. लॅरी वॉकरची अडचण निराळी होती. त्याने डेन्व्हरमध्ये बरेच हंगाम काढले. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेत चेंडू लांब जातो. म्हणून त्याच्या आकड्यांवर विश्वास बसत नव्हता. मैदानाचा फायदा वजा करून हिशेब मांडण्याची रीत रुळली आणि २०२० मध्ये, शेवटच्या संधीला, सहा मते जास्त मिळवून तो आत आला. या दोघांच्या निवडी हा अभ्यासाचा खरा विजय आहे.

चारित्र्याचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटला नाही. खेळाडूची सचोटी आणि खिलाडूवृत्तीही मतदाराने विचारात घ्यावी, असे नियम १९४५ पासून सांगतो. ७६२ होम रन मारणारा बॅरी बाँड्स आणि ३५४ सामने जिंकणारा पिचर रॉजर क्लेमेन्स यांची नावे उत्तेजक द्रव्यांच्या संशयाने डागाळली होती. २०१३ मध्ये दोघे प्रथमच यादीत आले आणि त्या वर्षी पत्रकारांनी कुणालाच निवडले नाही. २०२२ मध्ये दहाव्या संधीलाही ते ६५-६६ टक्क्यांवर अडकले. त्यांच्या बाजूने बोलणारे आत असलेल्यांकडे बोट दाखवतात. कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळायला नकार देणाऱ्या कॅप ॲन्सनचा फलक १९३९ पासून भिंतीवर आहे. चेंडूला नियमबाह्य पदार्थ फासत असल्याची कबुली आत्मचरित्रात देणाऱ्या गेलॉर्ड पेरीचाही आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की जुन्या चुका हे नव्या चुकांचे समर्थन होऊ शकत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण एकाच नियमाचा अर्थ शेकडो मतदारांनी आपापल्या परीने लावायचा असेल, तर न्याय एकसारखा मिळणे कठीण.

या साऱ्या इतिहासात चुकीच्या निवडींपेक्षा उशिरा झालेल्या निवडी अधिक बोचतात. शिकागो कब्जचे तिसऱ्या बेसवरचे खेळाडू रॉन सँटो मधुमेह लपवून खेळले आणि ३४२ होम रन मारले. १९८० मध्ये, पहिल्याच वर्षी, ते यादीतून गळाले. अपवाद म्हणून नाव पुन्हा घेतले गेले, पण १९९८ मध्ये मुदत संपली तेव्हा ४३ टक्क्यांवर होते. मधुमेहाने त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखालून कापावे लागले. हॉल ऑफ फेमच्या हयात सदस्यांच्या मतदानाची नवी पद्धत आली, पण २००३, २००५ आणि २००७ मध्ये त्या सदस्यांनी एकाही खेळाडूला निवडले नाही. सप्टेंबर २००३ मध्ये कब्जने त्यांचा १० क्रमांक कायमचा राखून ठेवला, तेव्हा हाच आपला हॉल ऑफ फेम, असे त्यांनी प्रेक्षकांना सांगितले. डिसेंबर २०१० मध्ये सँटो गेले. बरोबर वर्षभराने, डिसेंबर २०११ मध्ये, नव्या समितीने त्यांना १६ पैकी १५ मतांनी निवडले. मधल्या वर्षात त्यांच्या खात्यावर एका धावेचीही भर पडली नव्हती.

नीग्रो लीगमधले बक ओ'नील यांची कथा याच वळणाची. २००६ मध्ये नीग्रो लीगशी संबंधित १७ जण एकदम निवडले गेले, त्यांत ते नव्हते. ९४ वर्षांचे ओ'नील तरीही कूपरस्टाऊनला गेले, त्या सतरा जणांच्या वतीने बोलले आणि जमलेल्या लोकांना हातात हात घालून गायला लावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. निवड झाली डिसेंबर २०२१ मध्ये. डिक ॲलन या खेळाडूच्या नावावर विचार करणारी बैठक डिसेंबर २०२० मध्ये व्हायची होती. कोविडच्या साथीमुळे ती पुढे गेली, त्याच महिन्यात ॲलन वारला आणि २०२४ मध्ये निवडला गेला.

जुगाराच्या प्रकरणांत तर मृत्यू हीच आता अट होऊन बसली आहे. शूलेस जो जॅक्सनने १९१९ ची वर्ल्ड सिरीज हरण्यासाठी पाच हजार डॉलर घेतल्याचे कबूल केले होते, पण त्या मालिकेत त्याने १२ हिटही मारले. १९२१ मध्ये न्यायालयाने त्याला सोडले आणि बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी दुसऱ्याच दिवशी बंदी घातली. ४२५६ हिटचा विक्रम करणाऱ्या पीट रोझवर, व्यवस्थापक असताना स्वतःच्या संघावर पैज लावल्याबद्दल, २४ ऑगस्ट १९८९ रोजी बंदी आली. बंदी असलेल्याचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये, असा नियम १९९१ मध्ये झाला. पंधरा वर्षे नाकारल्यानंतर रोझने २००४ मध्ये कबुली दिली, ३० सप्टेंबर २०२४ रोजी तो वारला. मे २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी ही बंदी मृत्यूबरोबर संपते असा निर्णय दिला. त्यामुळे रोझ आणि जॅक्सन दोघेही विचारासाठी पात्र ठरले. त्यांच्या काळाचा विचार करणारी समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसायची आहे. जॅक्सन जाऊन तेव्हा ७६ वर्षे झालेली असतील.