विद्यार्थी संगणक
शाळेने विद्यार्थ्यास दिलेला अथवा त्याने स्वतः शाळेत आणलेला संगणक, लॅपटॉप वा भ्रमणध्वनी. आरंभी संगणक महाग असल्याने ते शाळेच्या एका कक्षात ठेवीत व विद्यार्थी पाळीपाळीने वापरीत. प्रत्येक मुलास स्वतंत्र संगणक असावा, या कल्पनेचा सीमोर पेपर्ट (१९२८–२०१६) या गणितज्ञ व शिक्षणविचारवंताने पुरस्कार केला. त्यांच्या विचारांच्या प्रभावाने अमेरिकेच्या मेन राज्याने २००२ मध्ये सार्वजनिक शाळांतील सातवीच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहानशा शाळेत झाला. पेरूमधील ३१९ ग्रामीण शाळांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र या लॅपटॉपांमुळे गणित व भाषा यांत प्रगती झाल्याचे आढळले नाही. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर बंदी घातली. अध्यापनासाठी केलेला वापर त्यातून वगळला. पुढे कोविड साथीत, २०२० मध्ये, शाळा बंद पडल्यावर भ्रमणध्वनी हेच शिक्षणाचे साधन झाले व तो घरी नसलेली अनेक मुले शिक्षणास मुकली. साधनाच्या अभावी संधी हुकते. केवळ वाटपाने मात्र अध्ययन साधत नाही, असे या इतिहासावरून दिसते.