टांगेवाल्याची प्रतिष्ठा : मराठी मुलखातील अस्पृश्यांचा प्रवास

अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम पाणवठ्याकडे व देवालयाकडे वळते. महाडचे चवदार तळे (१९२७) आणि नाशिकचे काळाराम मंदिर (१९३०) ही स्थळे म्हणजे त्या इतिहासाची जणू प्रकरणशीर्षकेच होत. वाहनासाठी मात्र मराठी मुलखात तसा नामांकित सत्याग्रह आढळत नाही. त्यावरून वाहनाच्या बाबतीत अस्पृश्यांची कुचंबणा होत नव्हती, असे अनुमान कोणी काढील तर ते सर्वस्वी चुकीचे ठरेल. तळे जागचे हलत नाही. त्याच्या काठी हजारो माणसांना एकत्र जमता येते. टांगा हलतो. तो नकार देऊन निघून गेला की ज्याच्याविरुद्ध झगडावयाचे ती वस्तूच समोर उरत नाही.

या विषयाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजी टिपण होय. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने छापले. टिपण स्मरणावर आधारलेले आहे, तेव्हा साधन म्हणून त्याला स्मृतीच्या मर्यादा आहेतच. परंतु व्यवहाराचे बारकावे, म्हणजे कोण काय म्हणाला, कोण गाडीत बसला व कोण खाली उतरला, हे त्यात ज्या नेमकेपणाने येतात तसे सरकारी अहवालांत क्वचितच येतात.

त्यातील पहिला प्रसंग १९०१ चा आहे. सुमारे नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधू व भाचे वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघाले. स्टेशनापर्यंत टांगा आगाऊ ठरविलेला होता. पुढे मसूरपर्यंतचा आगगाडीचा प्रवासही आनंदात झाला. मसूरला मात्र न्यावयास कोणीच आले नव्हते. चांगल्या कपड्यांतील ही मुले पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली आणि मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण गाडीवान तयार होईनात. अखेर तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यावयाचे, गाडी मुलांनी हाकावयाची आणि गाडीवानाने बरोबरीने पायी चालावयाचे. चार-पाच मैल असे गेल्यावर, रात्रीच्या अंधारात, तोच गाडीवान एकाएकी गाडीत चढला आणि त्याने कासरा स्वतःच्या हाती घेतला.

हा शेवटचा तपशील वाचताना सहज निसटून जातो. वस्तुतः सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. विटाळ जर स्पर्शाचाच असता तर तो अंधारातही तितकाच लागला असता. स्टेशनावर पाहणारे होते, रस्त्यावर नव्हते. आणि पाहणारे नाहीसे होताच नियमही शिथिल झाला. पुढे जकातनाक्यावर पाणी मिळावे म्हणून, गाडीवानाच्याच सल्ल्यावरून, मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले व खात्री पटावी म्हणून भीमराव तेथे उर्दूत बोलले. पाणी मिळाले नाहीच. परंतु अस्पृश्यता कातडीवर लिहिलेली नसून ती विचारावी लागते, आणि म्हणूनच ती भाषेने झाकण्याचा प्रयत्न करता येतो, हे नऊ वर्षांच्या मुलाला त्या रात्री कळून चुकले होते.

येथे अमेरिकेशी तुलना उपयुक्त ठरते. तेथे भेद रंगावर आधारलेला, म्हणून वाहनाचीच वाटणी करता येत असे. आगगाडीच्या डब्यांची वर्णानुसार विभागणी करणारा लुइझियाना राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात वैध ठरविला. हिंदुस्थानातील रेल्वेवरही वर्णभेद होताच. यूरोपीय व अँग्लो-इंडियन उतारूंसाठी राखून ठेवलेले डबे असत. फलाटावर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ निराळे मिळे. परंतु तिसऱ्या वर्गाच्या डब्यात ब्राह्मण आणि महार यांच्यासाठी वेगळी बाके नव्हती. तिकीट विकणारा पैसे मोजून घेई, जात विचारीत नसे. त्यामुळे या मुलखात प्रवासातील अस्पृश्यतेची सीमारेषा डब्याच्या आत नव्हे, तर स्टेशनाच्या दाराबाहेर पडलेली दिसते.

औरंगाबादहून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरले की चाळीसगाव लागते. तेथे १९२९ मध्ये या सीमारेषेचा अत्यंत दाहक प्रत्यय आला. आंबेडकर तेव्हा बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सभासद होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य या नात्याने खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावी स्पृश्यांनी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले. महारवाडा दोनएक मैलांवर. स्टेशनापुढे टांगे पुष्कळ. तरीही त्यांना तासभर ताटकळत बसावे लागले. मग एक टांगा आला. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरील बिनकठड्याच्या फरशीवर वळण घेताना घोडा उधळला, चाक बाजूच्या दगडावर आदळले, आंबेडकर फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला. कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

चौकशीअंती उलगडा झाला. अस्पृश्य उतारूसाठी टांगा हाकणे कोणाही टांगेवाल्यास कमीपणाचे वाटत होते. इकडे महारवाड्यातील लोकांना आपल्या पाहुण्याने पायी यावे हे सहन होईना. तडजोड ठरली : टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. हाकण्यास बसला तो त्यांच्यातीलच एक, आणि ते काम त्याला येत नव्हते. मसूरची तडजोड अठ्ठावीस वर्षांनी, परदेशांतील सर्व पदव्यांनंतर, जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली, फरक इतकाच की या खेपेस ती जिवावर बेतली. प्रतिष्ठेची कल्पना दोन्ही बाजूंना होती, हेही येथे नोंदविले पाहिजे. पाहुण्याच्या सुरक्षिततेपेक्षा त्याचा मान मोठा मानण्यात यजमानांचीही चूक झाली, असे आंबेडकरांनी मोकळेपणाने लिहिले आहे. मात्र त्या चुकीचे मूळ टांगेवाल्याच्या नकारात होते, हे विसरता येत नाही.

कायद्याचा आधार या वेळी कितपत होता? सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे व धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने त्यात आले. भाड्याचे वाहन आले नाही. टांगा पडला खाजगी मालकीचा. आर्थिक दडपणही चालण्यासारखे नव्हते. माँटगोमरीच्या कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार टाकला, तो परिणामकारक ठरला याचे एक कारण असे की बस कंपनीचे बहुसंख्य उतारू तेच होते. चाळीसगावच्या टांगेवाल्याचे पोट महारवाड्यावर अवलंबून नव्हते. जो उतारूच घेत नाही त्याच्यावर उतारूने बहिष्कार टाकावयाचा तरी कसा? केरळात अय्यंकाळींनी १८९३ मध्ये निराळी वाट धरली. त्यांनी स्वतःची बैलगाडी घेतली व मज्जाव असलेल्या रस्त्यावरून ती हाकली. तेथे प्रश्न रस्त्याचा होता, म्हणून वाहन विकत घेऊन तो सोडविता आला.

१९३४ मध्ये आंबेडकर व त्यांचे सहकारी असे तीसएक जण वेरूळची लेणी पाहण्यास निघाले तेव्हा त्यांनीही बसगाड्या व मोटारी स्वतंत्रपणे भाड्याने घेतल्या आणि कार्यक्रम हेतुपूर्वक जाहीर केला नाही. नाशिकहून येवलामार्गे निजामाच्या हद्दीतून दौलताबादपर्यंतचा प्रवास निर्वेध झाला. किल्ल्याच्या दाराशी उतरल्यावर काहींनी हौदाच्या पाण्याने धुळीचे हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान हौद बाटल्याची ओरड करीत आला, जमाव जमला आणि प्रसंग हातघाईवर आला. शेवटी किल्ला पाहण्यास परवानगी मिळाली, ती आत कोठेही पाण्याला न शिवण्याच्या अटीवर. देखरेखीस एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. वाहन आपल्या ताब्यात असले तरी ते कोठे तरी थांबतेच.

१ जून १९५५ रोजी अमलात आलेल्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने सार्वजनिक वाहनाच्या वापरास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा नामनिर्देश आहे, वाहनाचा नाही. ती उणीव या कायद्याने भरून काढली. तथापि टांगेवाल्याचा नकाराधिकार प्रत्यक्षात मोडला तो, बहुधा, दुसऱ्याच शक्तीने. निजामाच्या राज्यात १९३२ पासून सरकारी बस धावू लागली होती, आणि १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची एस. टी. सुरू झाली. या गाड्यांचा चालक पगारी नोकर होता. गाडी त्याची नव्हती, भाडे त्याचे नव्हते, आणि उतारू निवडण्याची मुभाही त्याला नव्हती. मसूरच्या स्टेशनमास्तरने मुलांना ‘तुम्ही कोण’ हे विचारले होते; एस. टी.च्या कंडक्टरला तिकीट फाडण्यासाठी फक्त ‘कुठे जायचे’ एवढेच विचारावे लागे.