भगवान महावीर विकलांग सहायता समिती, जयपूर

अपंगांना कृत्रिम पाय व हात, कॅलिपर, कुबड्या, चाकांची खुर्ची, तीनचाकी सायकल इ. साधने विनामूल्य पुरवणारी भारतीय धर्मादाय संस्था. स्थापना १९७५. संस्थापक देवेंद्र राज मेहता. ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पावलाशी संस्थेचे नाव कायमचे जोडले गेले असले, तरी ते पाऊल समितीच्या स्थापनेआधी सुमारे सात वर्षे तयार झालेले होते. समितीचे खरे कर्तृत्व ते गरजूपर्यंत पोचवणारी व्यवस्था उभारण्याचे आहे.

पार्श्वभूमी : भारतात कृत्रिम अवयवांची संघटित निर्मिती पुण्याच्या सैनिकी कृत्रिम अवयव केंद्रात १९४४ पासून, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी सुरू झाली. नागरी रुग्णांसाठी सोय तुटपुंजी होती. जे पाय मिळत, ते पाश्चात्त्य धर्तीचे. त्यांतील पावलाचा गाभा ताठ असल्याने त्यावर बूट घालावा लागे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, ओल्या शेतात अनवाणी चालणे, देवळात किंवा स्वयंपाकघरात जाणे या पायाने साधत नसे. परिणामी अनेकजण मिळालेला पाय घरी ठेवून पुन्हा कुबडी घेत.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास यावर तोडगा निघाला. रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी तेथे नेमलेले कारागीर रामचंद्र शर्मा (‘मास्टरजी’) आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांची नावे या पावलाशी प्रामुख्याने जोडली जातात. डॉ. एस. सी. कासलीवाल व डॉ. महेश उदावत यांचाही त्यात सहभाग होता. ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम पाहून शर्मांना व्हल्कनीकृत रबराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. श्रेयाच्या वाटणीबद्दल पुढे मतभेद झाले. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार व पद्मश्री मिळाली.

पावलाची रचना : पावलात तीन ठोकळे असतात. टाच आणि चवड्याचा भाग यांसाठी सूक्ष्मरंध्री स्पंजासारख्या रबराचे दोन, व घोट्यासाठी हलक्या लाकडाचा एक. लाकडी ठोकळ्यातून जाणारा बोल्ट पावलाला कृत्रिम पायाच्या नळीशी जोडतो. हे ठोकळे टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या दोरायुक्त रबराने गुंडाळतात, त्यावर कातडीच्या रंगाच्या रबराचा थर देतात आणि सर्व काही अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात घालून उष्णता व वाफेचा दाब देऊन एकजीव करतात. बोटे, नखे असे बाह्यरूप साच्यातूनच उमटते.

ताठ गाभा नसल्याने पाऊल वर-खाली वाकते, आत-बाहेर कलते आणि थोडे पीळही खाते. बांधावरून किंवा खडबडीत वाटेवरून चालताना जमिनीचा उंचसखलपणा पाऊलच सामावून घेते आणि तुटलेल्या पायाच्या खुंटावर येणारा हिसका कमी होतो. बाहेरचे रबर पाणी शिरू देत नाही, त्यामुळे चिखलातले कामही करता येते. या पावलाचे एकस्व घेतलेले नसल्याने कोणालाही ते तयार करता येते. त्यामुळे त्याचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु दर्जावर एकच एक नियंत्रण राहिले नाही.

पायाची नळी व खुंटाची खोबण सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची असे. जयपूरचे ठठेरे (धातूची भांडी घडवणारे कारागीर) तो ठोकून आकार देत. पुढे तिची जागा उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन नळ्यांनी घेतली. सिंचनासाठी वापरल्या जाणाऱ्या या नळ्या बाजारात सहज मिळतात. खुंटावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा भरीव साचा ओततात आणि हाडाच्या टोकांवर दाब येऊ नये, भार गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर यावा, अशा बेताने तो तासतात. भट्टीत मऊ केलेली नळी या साच्यावर ओढतात. ती थंड झाल्यावर कडा कापून पाऊल जोडतात आणि समांतर दांड्यांच्या मधून रुग्णाला चालवून पायाचा कल जुळवतात. साचा तासण्यात कारागिराचा हात चुकला, तर उत्तम पाऊलही निरुपयोगी ठरते.

स्थापना व वाढ : भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी मेहता हे १९६९ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात असताना मोटार अपघातात त्यांचा पाय चिरडला. तो कापावा लागण्याची वेळ आली होती, पण वाचला. रुग्णालयातील दीर्घ वास्तव्यात अवयव गमावलेल्या गरीब रुग्णांची अवस्था त्यांनी जवळून पाहिली. भगवान महावीरांच्या २,५०० व्या निर्वाण वर्षाचे औचित्य साधून त्यांनी समिती स्थापन केली. पाऊल तयार झाल्यानंतरच्या सात वर्षांत जेमतेम साठेक जणांना ते मिळाले होते. साधन चांगले असूनही ते पोचत नव्हते, कारण त्यासाठी लागणारा पैसा, कारागीर आणि रुग्णाची सोय या तिन्हींची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

समितीने ती घेतली. वेळ ठरवून येण्याची अट नाही. माणूस कोणत्याही वेळी पोचला तरी त्याची नोंद होते आणि त्याच्या व सोबत्याच्या राहण्या-जेवणाची सोय मोफत होते. गुडघ्याखालील पाय बहुधा त्याच दिवशी तयार होतो. मजुरी बुडवून, उसनवारीने प्रवासखर्च भागवून आलेल्या माणसासाठी ‘पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर म्हणजे नकारच असतो. ही जाण समितीच्या संपूर्ण कार्यपद्धतीचा पाया आहे, आणि तिच्या वाढीचे मुख्य कारणही तेच मानावे लागते. ज्यांना जयपूरला येणे शक्य नसते, त्यांच्यासाठी सामग्री व कारागीर घेऊन गावोगावी शिबिरे भरवली जातात.

खर्च देणग्या व शासकीय अनुदान यांतून भागवला जातो.

मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर व १९९५ ते २००२ या काळात ‘सेबी’ या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेचे अध्यक्ष होते. २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

तंत्रसंशोधन : पॉलियुरेथेनच्या पावलाचे तंत्र मिळवण्यासाठी समितीने २००२ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेशी करार केला. गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या सहकार्याने ‘जयपूर नी’ हा तेलयुक्त नायलॉनचा बहुअक्षीय सांधा विकसित झाला. साध्या एकअक्षी सांध्यापेक्षा तो उभे राहताना अधिक स्थिर असतो. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उल्लेखनीय शोधांत त्याची गणना केली.

परदेशांतील कार्य : आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत समितीने शिबिरे घेतली. २०१८ पासून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘इंडिया फॉर ह्युमॅनिटी’ उपक्रमाचा या कार्याला आधार मिळाला. भूसुरुंगांनी पाय गेलेल्यांसाठी अफगाणिस्तानात या पावलाचा उपयोग झाला. श्रीलंकेत कोलंबो व जाफना येथे १९८० च्या दशकात सुरू झालेली जयपूर पावलाची केंद्रे स्थानिक संस्थांची आहेत.

शाखा : मुंबई, दिल्लीसह अनेक शहरांत.

महाराष्ट्राशी संबंध : मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावला. त्यानंतर त्या जयपूर पावलाच्या आधारे पुन्हा रंगमंचावर आल्या. ‘नाचे मयूरी’ (१९८६) या हिंदी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यामुळे हे पाऊल मराठी घराघरांत माहीत झाले.

मूल्यमापन : समितीच्या नोंदींनुसार लाभार्थींची एकूण संख्या २० लाखांहून अधिक आहे. या संख्येत कृत्रिम अवयवांबरोबरच कॅलिपर, कुबड्या, खुर्च्या, सायकली व अन्य साधनेही धरलेली आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पॉलिएथिलीनच्या पायांची विविध देशांत पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी खोबणीचे माप, पायाचा कल व टिकाऊपणा यांतील उणिवा दाखवल्या आहेत. वेगाने बसवलेल्या पायाची नंतर पुरेशी तपासणी होते का, हा त्यांचा प्रमुख आक्षेप आहे. तो रास्त आहे. खुंटाचा आकार बदलतो, मुले वाढतात, नळी झिजते, त्यामुळे प्रत्येक पाय काही वर्षांनी बदलावाच लागतो. तथापि, पुन्हा येणाऱ्याचाही खर्च समितीच करते. म्हणून गरीब माणसाला दुसरा व तिसरा पायही मिळू शकतो. किती पाय दिले याबरोबरच किती पाय वापरात राहिले, याची नोंद सर्वत्र ठेवली गेल्यास या कार्याचे खरे मोजमाप हाती येईल.