अंकांचे शासन : अवकाशयुद्धाच्या खेळांतील गुणगणना

खेळ म्हटला की हारजीत आली, आणि हारजीत आली की मोजदाद आली. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत खडकावर कोरलेले पट आजही दृष्टीस पडतात. पचीसीच्या नावातच पंचवीसचा आकडा आहे. मोक्षपटाने तर घराघराला पापपुण्याची नावे देऊन सोंगटीच्या चालीलाच नीतीचा अर्थ दिला. ह्या परंपरेत वाढलेल्या आम्हांस पडद्यावरील अवकाशयुद्धे परकी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीसारख्या गावीही भ्रमणध्वनीवाटे असे खेळ मुलांच्या हाती पोहोचले आहेत. तेव्हा त्यांतील गणित कसे घडत गेले, हे पाहणे अगत्याचे आहे.

आरंभ अमेरिकेतला. १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी 'स्पेसवॉर' रचला. दोन याने, मध्ये एक तारा आणि त्याचे गुरुत्वाकर्षण. प्रतिपक्षाचे यान फोडले की विजय, इतकाच हिशेब. १९७१ साली 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र आले आणि काळाला किंमत आली. मुदत संपताना खेळाडूचे गुण शत्रूच्या तबकड्यांहून अधिक असतील, तरच खेळ वाढून मिळे.

ह्या गणनेला खरे रूप दिले ते जपानने. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो ह्यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' निर्माण केला. लक्ष्य म्हणून माणसे दाखविण्याचा विचार पुढे आला होता. पण मनुष्यावर गोळ्या झाडणे नीतीला धरून नव्हे, म्हणून परग्रहावरील प्राणी योजले गेले. त्यांच्या ५ ओळी, प्रत्येकीत ११, एकूण ५५. खालच्या दोन ओळींतील प्राण्यास १० गुण, मधल्या दोहोंतील प्राण्यास २०, सर्वांत वरच्यास ३०. सारी सेना गारद केली तर ९९० गुण पदरी पडत. शत्रू जसजसे घटत, तसतशी उरलेल्यांची गती वाढे. ह्याचे मूळ यंत्राच्या मर्यादेत होते : चित्रे थोडी उरली की ती लवकर रेखाटली जात. निशिकादोंनी हा दोष दूर न करता त्यातूनच खेळाची रंगत वाढविली. विजय जवळ येतो तसे संकटही वाढते, हा अनुभव त्यातून सहज साधला.

अधूनमधून वरून एक गूढ तबकडी जाई. तिचे ५० पासून ३०० पर्यंत गुण दैवावर अवलंबून आहेत असे वाटे. वस्तुतः ते झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवर ठरत. २३ वी गोळी आणि त्यापुढील प्रत्येक १५ वी गोळी तबकडीस लागली, तर ३०० गुण मिळत. हे मर्म हेरलेले खेळाडू गोळ्या मोजू लागले. कवड्यांचे दान हाती नसते. येथे मात्र दान मोजून घेता येत होते.

येथूनच आमच्या मते विषयाचा गाभा सुरू होतो. १९७९ च्या 'ॲस्टरॉइड्स' मध्ये मोठा पाषाण फोडण्यास २० गुण, तर लहान तबकडीस १००० ठेवले होते. परिणामी कुशल खेळाडू एखादा पाषाण मुद्दाम शिल्लक ठेवून तबकडीची वाट पाहत दबा धरून बसत. कर्त्यांना अभिप्रेत होते पाषाणांचे निर्मूलन. अंकांनी शिकविली शिकार. उलट १९८१ च्या 'डिफेंडर' मध्ये माणसे पळविणाऱ्या शत्रूयानास मारल्याचे १५० गुण, परंतु पडणाऱ्या माणसास वरच्यावर झेलल्याचे ५००. संहाराहून रक्षणाचे मोल तेथे अधिक ठरले. सगळी माणसे गमावली तर ग्रहाचाच स्फोट होई.

दोन्ही खेळांत गोळ्या त्याच, बोटेही तीच. भिन्न होती ती केवळ मोजणी. ज्याला गुण मिळतात तेच मनुष्य करतो, हा धडा मोक्षपट करणाऱ्यांस ठाऊक होता आणि यंत्रखेळांच्या इतिहासाने तो पुन्हा सिद्ध केला. म्हणून मुलांच्या हातातील खेळास सरसकट दूषण देण्यापूर्वी, त्यात गुण कशास मिळतात हे वडीलधाऱ्यांनी विचारावे. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात खेळाची अर्धी नीती दडलेली असते.