युरोपीय संघ आणि मागे राहिलेले प्रदेश

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे कागद हाताळले म्हणजे एक गोष्ट मनास पटते. राज्याच्या उद्देशांची परीक्षा त्याच्या अंदाजपत्रकात होते. कोणास किती, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या हस्ते, हे एकदा कळले की त्या राज्यातील माणसे एकमेकांस आपले मानतात किंवा नाही, याचा अंदाज येतो. युरोपीय संघाच्या प्रादेशिक धोरणाचा इतिहास आम्हांस याच दृष्टीने उद्बोधक वाटतो. एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेली राष्ट्रे एकत्र आली, तेव्हा सुखवस्तू प्रदेश गरीब प्रदेशाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न त्यांस टाळता आला नाही.

२५ मार्च १९५७ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी रोम येथे युरोपीय आर्थिक समुदायाच्या करारावर सह्या केल्या. प्रदेशाप्रदेशांतील तफावत कमी करावी, अशी इच्छा त्याच्या प्रस्तावनेत व्यक्त झाली होती. परंतु त्यासाठी प्रादेशिक निधी काही ठेवला नव्हता. एक गुंतवणूक बँक आणि कामगारांसाठी एक सामाजिक निधी, एवढ्यावरच भागविण्यात आले. बाजारपेठ खुली झाली की समृद्धी आपोआप सर्वत्र पसरेल, असा त्या काळी अनेकांचा विश्वास होता. योगायोग असा की, त्याच १९५७ साली स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी आपल्या ग्रंथात नेमके उलट प्रतिपादन केले. बाजार मोकळा सोडला तर भांडवल आणि कर्ती माणसे भरल्या घराकडेच धाव घेतात, आणि दरी रुंदावत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिण इटली हे त्याचे जिवंत उदाहरण होते. त्या भागासाठी इटलीच्या सरकारने १९५० साली खास निधी उभारला होता. तरीही तेथील तरुण मिलान-तुरिनच्या कारखान्यांकडे आणि १९५५ च्या मजूरभरतीच्या करारानंतर जर्मनीकडे जातच राहिले.

१९७३ साली ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क समुदायात आले आणि या प्रश्नास धार आली. आयर्लंड गरीब होता. ब्रिटनमधील कोळसा, पोलाद आणि कापड यांवर जगणारे जुने औद्योगिक प्रदेश खचू लागले होते. शिवाय समुदायाचा बहुतेक पैसा शेतीवर खर्च होत असल्याने ब्रिटनच्या पदरी थोडेच पडणार होते. बरीच ओढाताण होऊन १९७५ साली युरोपीय प्रादेशिक विकास निधी स्थापन झाला. तीन वर्षांसाठी १३० कोटी हिशेबी एकके एवढी त्याची रक्कम होती. त्यातील ४० टक्के इटलीस आणि २८ टक्के ब्रिटनला ठरले. उरलेल्यात सुस्थितीतील राष्ट्रांनीही आपापला वाटा मागून घेतला. पंगतीतील प्रत्येक पानावर काहीतरी वाढलेच पाहिजे असे ठरले, की भुकेल्याचे पोट भरत नाही. दुसरी गोष्ट कारकुनाच्या नजरेतून सुटणार नाही. वरून पैसा आला की सरकारे आपला स्वतःचा खर्च तेवढ्याने कमी करीत आणि हिशेब जुळवीत. प्रदेश होता तेथेच राही.

खरी सुधारणा झाली ती १९८८ साली. ग्रीस १९८१ मध्ये आणि स्पेन व पोर्तुगाल १९८६ मध्ये समुदायात आले होते. त्याच वर्षी सह्या झालेल्या एकल युरोपीय कायद्याने आर्थिक आणि सामाजिक एकजूट हे कराराचेच एक उद्दिष्ट ठरविले. जाक दलोर हे त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष होते. १९९३ पर्यंत या निधींची रक्कम दुप्पट करावी, असा निर्णय झाला. दरडोई उत्पन्न समुदायाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल त्या प्रदेशास अग्रक्रम, अनेक वर्षांचा कार्यक्रम आधी आखणे, स्थानिक संस्थांचा सहभाग आणि संघाच्या पैशात स्वतःच्या खर्चाची भर, अशी चार तत्त्वे ठरली. पुढे १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात, मुख्यतः स्पेनच्या आग्रहावरून, गरीब राष्ट्रांसाठी आणखी एक निधी मान्य झाला.

हा न्याय होता की एकत्र बाजारपेठेस संमती मिळविण्यासाठी दिलेली किंमत? आमच्या मते दोन्ही. सौद्याच्या पोटी जन्मलेले तत्त्व खोटे असतेच असे नाही. पुढे ते किती पाळले गेले, यावर त्याची किंमत ठरते.

फळे मात्र सारखी आली नाहीत. आयर्लंडने शिक्षण, परकीय भांडवल आणि हा निधी यांची सांगड घालून सरासरी ओलांडली. दक्षिण इटली दीर्घकाळ मदत घेऊनही उत्तरेच्या मागेच आहे. २००४ नंतर पूर्व युरोपातील राष्ट्रे आली आणि पोलंड सर्वांत मोठा लाभार्थी झाला. २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ३९,२०० कोटी युरो, म्हणजे संघाच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, या धोरणास दिला आहे.

परंतु सर्वांत मोठा धडा ब्रिटनने दिला. कॉर्नवॉल आणि दक्षिण वेल्समधील जुन्या खाणींची खोरी २००० सालापासून संघाच्या सर्वोच्च मदतीस पात्र होती. रस्ते झाले, महाविद्यालयांच्या इमारती उठल्या, त्यांवर संघाच्या पाट्याही लागल्या. तरीही २३ जून २०१६ च्या सार्वमतात त्याच भागांतील बहुसंख्यांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. पाटी वाचणाऱ्यास ती आपली वाटली नाही. कारण बंद पडलेल्या खाणीबरोबर गेलेली नोकरी आणि प्रतिष्ठा त्या पाटीने परत आणली नव्हती.

हा प्रश्न आपणांस परका नाही. १९६९ साली राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने रूढ झाले. त्यात राष्ट्रीय सरासरीहून गरीब असलेल्या राज्यांसाठी एक-दशांश हिस्सा राखून ठेवला होता. खुद्द महाराष्ट्रात दांडेकर समितीने १९८४ साली विभागवार अनुशेष मोजून दाखविला, आणि तो शब्द विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पोहोचला. घरापासून दूर, परप्रांतांत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या टेबलावरून अशाच अनुदानांची प्रकरणे रोज पुढे सरकतात. मार्चअखेर रक्कम खर्ची पडली म्हणजे काम झाले, असे आपणही कित्येकदा मानतो. वेल्समधील खोऱ्यांनी दिलेले उत्तर त्या वेळी आठवावे. अनुदान वेळेवर पोहोचविणे हे आपले कर्तव्य आहेच. पण ज्याच्यासाठी ते निघाले त्याच्या हातास काम मिळाले काय, हे विचारल्याखेरीज ते प्रकरण बंद झाले, असे आम्हांस तरी म्हणवत नाही.